संक्रांतीच्या पत्रावरची लाल शाई

मंडळी, आज सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात साठी उलटलेली एक स्त्री माझ्या पाया पडली. "बाई, मी पद्मा. सातवीला तुमच्या वर्गात होते."

मला लगेच आठवलं. पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. सोलापुरात मी नवीनच शिक्षिका झाले होते. संक्रांतीला मुलींना आवडत्या माणसाला शुभेच्छापत्र लिहायला सांगितलं होतं. पद्मा विणकराची मुलगी, घरी तेलुगू बोलणारी. तिनं मलाच लिहिलं, 'बाई, तुमी मला अम्मासारकं वाटतंय.'

वाक्य कसं चुकतं ते दाखवायला मी ते मोठ्यानं वाचलं. वर्ग हसला. मीही हसले. मग लाल शाईनं चुका दुरुस्त करून पत्र तिला परत दिलं.

आज मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या की बाई. त्याच साली माझी आई गेली होती, म्हणून तसं लिहिलं होतं."

वर्षभर ती माझ्यासमोर बसत होती आणि मला हे माहीतही नव्हतं.

तुमच्यात शिकवणारे बरेच आहेत. मुलांनी लिहिलेलं हातात आलं की तुम्ही आधी काय बघता?