टेपमामांची अंगठी

“अंगावरचं सोनं-लोखंड बाहेर, मगच हात आत.” हे म्हटल्याशिवाय टेपमामा गाडीच्या बॅटरीला हात लावत नसत. नट आवळायचे त्यांचे सगळे पाने काळ्या टेपमध्ये मानेपर्यंत गुंडाळलेले असत आणि कानटोपी घातलेल्या म्हाताऱ्यांसारखे भिंतीवर ओळीने टांगलेले असत. नावही त्यावरूनच पडलं.

मामांचं अर्धं आयुष्य पाणी घालायच्या जुन्या बॅटऱ्यांत गेलं. मग लिथियमच्या आल्या. “जुनी बॅटरी म्हणजे म्हैस,” मामा समजावत. “पाणी पाजा, थोपटा. फार तर शेपटी मारेल. ही नवी म्हणजे जावई. शांत बसतो, काही मागत नाही. पण दोन्ही टोकांना एकच धातू टेकला की घर पेटवून जातो.”

“जपून बोला,” आतून मामी म्हणत. “माझ्या वडिलांनाही एक जावई आहे.”

मामांची बोटं जाड. लग्नातली अंगठी रोज सकाळी साबण लावून काढावी लागे. ती, घड्याळ आणि किल्ल्या एका प्लास्टिकच्या डबीत जात. “आमचं लग्न रोज सकाळी मोडतं आणि संध्याकाळी पुन्हा लागतं,” असं मामी शेजारणींना सांगत.

मामींच्या धाकट्या भावाला शाळेच्या मुलांची ने-आण करायचं काम मिळालं, तेव्हाची ही गोष्ट. पहिल्याच दिवशी उशीर झाला तर काम दुसऱ्याला जाईल, असं मुख्याध्यापिका बाईंनी बजावलं होतं. त्याच्या तीनचाकीची नवी बॅटरी मात्र त्याच सकाळी हाती आली. मामांनी सीटखालच्या बॅटरीच्या पेटीत रबर अंथरलं, बॅटरी ठेवली, पट्टा आवळला.

“हलवून बघ.”

मेहुण्याने जोर लावला. गाडी हलली, बॅटरी हलली नाही. मामांनी टोकं जोडून वर रबरी टोप्या चढवल्या, झाकण लावलं आणि जुना चार्जर मेहुण्याच्या हातातून काढून घेतला. “हा म्हशीचा. हिला नवाच लावायचा.”

मेहुणा सीटवर बसला. मामांनी डबी उघडली. घड्याळ होतं, किल्ल्या होत्या. अंगठी नव्हती.

“असेल इथेच कुठेतरी,” मेहुणा म्हणाला.

“कुठेतरी म्हणजे पेटीतही असेल. उतर खाली.”

“दाजी, शाळेची घंटा होईल. अंगठी मी नवी घेऊन देतो.”

“अंगठी माझी आहे रे. पोरं दुसऱ्यांची आहेत.”

मेहुणा तोंड पाडून उतरला. मामांनी मुख्य स्विच बंद केला, आधी काळी वायर काढली, मग लाल. दोघांनी मिळून बॅटरी उचलून बाहेर ठेवली. मामांनी टॉर्च लावला, रबराची कड वर केली आणि तसेच वाकून राहिले.

“सापडली?”

मेहुण्याने डोकं आत घातलं. रबराखाली एक लोखंडी वॉशर चकाकत होता.

“हे काय, दाजी?”

“अंगठी नाही.”

“ते दिसतंय मला.”

तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. त्यांच्या अंगठ्यात अंगठी लखलखत होती. “रोज साबण खाऊन काळी पडली होती. घासायला नेली.”

“सांगायचं तरी,” मामा पुटपुटले.

“सांगितलं की. तुम्ही बॅटरीशी बोलत होतात.”

मेहुणा ताईकडे बघून हात जोडणार, तोच त्याचा फोन वाजला. बाईंचा होता. तो त-त-प-प करू लागला, तेव्हा मामांनी फोन घेतला. “बाई, पोरगा वेळेवर निघाला होता. पेटीत वॉशर राहिला होता. चूक माझ्याच हातची. आता काढलाय, पण जोडायला वेळ लागेल. घाई करणार नाही.”

मग मामा नुसतेच “हो, हो” करत राहिले.

“काम गेलं ना?” मेहुण्याने विचारलं.

“आज मुलांना घरचे सोडतील. दुपारी न्यायला बोलावलंय.” मामांनी घसा खाकरला. “आणि मला वॉशर घेऊन बोलावलंय. बघायचाय म्हणे.”

मामी हसता हसता खाली बसल्या.

दुपारी गाडी निघाली, पण मामा काही गाडीत बसले नाहीत. आत बसलं की पेटीतली खडखड ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मेहुणा गाडी पायी चालल्याच्या वेगाने नेत होता. मागून मामा एक कान पुढे करून, वॉशर मुठीत धरून, चुकलेल्या विद्यार्थ्यासारखे शाळेकडे चालले होते. ते वळणाआड जाईपर्यंत मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. अंगठी अजून त्यांच्याच अंगठ्यात होती.