एकोणीस एकांचं घर

माणसं देवाला जीव लावतात, बायकोला लावतात, फार तर दारच्या गाईला लावतात. पण एका आकड्याला जीव लावणारा माणूस मी उभ्या वऱ्हाडात एकच पाहिला. तो म्हणजे अकोल्याचे माझे मामेसासरे, जन्मभर शाळेत गणित शिकवलेले. लग्नानंतर अमरावतीहून पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला गेलो, तर आशीर्वादाच्या आधी त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ओळीनं एकोणीस वेळा एक लिहिला आणि म्हणाले, "जवाईबापू, हा आकडा फुटत नाई." मी घाबरून "छान आहे" म्हणालो.

मग त्यांनी मला समजावलं, म्हणजे ते बोलले आणि मी मान हलवली. अकरा टिकतो. पण एकशे अकराला तीननं भाग जातो, एक हजार एकशे अकराला अकरानं. असे एकापुढे एक मांडत गेलं तर सगळे कुठं ना कुठं फुटतात. थेट एकोणीस एकांचा आकडा मात्र कुणाला दाद देत नाही. मूळ संख्या! मोठमोठ्या गणित्यांनी हे सिद्ध करून ठेवलंय म्हणे. तरी मामाजी रोज चहाबरोबर त्याला नव्या आकड्यानं भागून बघत. "आज सातशे सत्तावीसनं पायलं. नाई जात!" चेहरा असा, जणू नातू बोर्डात आला. मी एकदा विचारलं, "सिद्ध झालं नं मामाजी? मंग काहून भागून राहिले?" तर म्हणाले, "स्थळ चांगलं हाये असं सारेच सांगतेत. तरी आपण पायाले जातोच नं?"

मामी गेल्या आणि तिन्ही मुलांनी घराच्या वाटणीचा विषय काढला. मामाजी भांडले नाहीत. त्यांनी पेंटर बोलावला आणि लोक फाटकाच्या पाटीवर घराचं नाव लिहितात तिथं तो आकडा रंगवायला सांगितला. त्या दिवशी मीही तिथं होतो. पेंटरनं एकेक एक असा ऐसपैस काढला, की अठराव्यालाच पाटी संपली. मामाजींनी बोट ठेवून मोजले आणि मटकन ओट्यावर बसले.

"काका, एका एकानं काय फरक पडून राहिला?" पेंटर म्हणाला.

"अरे बाप्पा, अठरा एक मांडले का तीननं सरळ भाग जाते!" मामाजींनी त्याच्यापुढे तीन बोटं धरली. "आन् मले तीन पोरं हायेत!"

पेंटर माझ्याकडे बघू लागला, मी पेंटरकडे. शेवटी एकोणिसावा एक शेजारच्या खांबावर निघाला.

वाटणी व्हायची ती झालीच. घरात दोन नव्या भिंती आल्या आणि मामाजी पाळीपाळीनं तिघांकडे जेवू लागले. परवा भेटलो तेव्हा ओट्यावरच होते. समजूत घालावी म्हणून मी म्हणालो, "शेवटी फुटलाच म्हणा आकडा."

"आकडा कुठं फुटला?" ते हसले. "तीननं भागून पाहा तुमी. एक उरते."

परतीच्या बसमध्ये मी वर्तमानपत्राच्या कडेवर भागाकार मांडला. मूर्तिजापूर येईपर्यंत दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमला. खरंच एक उरला होता. त्या एकाकडे बघता बघता मला ओट्यावर एकटे बसलेले मामाजी दिसायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा गणित समजल्याचं फार वाईट वाटलं.