ओरखडे बुजवणाऱ्याचा सैनिक

माझे धाकटे दीर चाळीस वर्षं गॅरेजात गाड्या रंगवायचे. गाडीवरचा ओरखडा ते असा बुजवत, की मालकालाही जागा सापडू नये. निवृत्त झाल्यावर त्यांना नवाच नाद लागला. परग्रहांवर लढणाऱ्या सैनिकांच्या वीतभर उंचीच्या बाहुल्या आणायच्या आणि त्या युद्धातून परतल्यासारख्या जुनाट करायच्या.

अशा बाहुल्या करणाऱ्यांच्या हौशी मंडळाच्या प्रदर्शनात त्यांचा सैनिक दोनदा नाकारला गेला. कोरा करकरीत दिसतो म्हणे. तिसऱ्यांदा नेण्याआधी त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. चिलखतावर पट्टीने आखावेत तसे ओरखडे!

"भावजी, हा लढाईवरून आलाय की इस्त्रीवाल्याकडून?"

"वहिनी, हात धजत नाही हो. जन्मभर ओरखडे बुजवले."

मी माझा जुना कुकर आणून त्यांच्यापुढे आदळला. "हा बघा. मूठ धरते तिथे गुळगुळीत, ओट्यावर घासतो तिथे खरवडलेला, बाकी धडधाकट. झीज वापराने होते, मापाने नाही."

ते बराच वेळ कुकर न्याहाळत बसले. मग त्यांनी सैनिकाच्या बंदुकीची मूठ, गुडघे आणि कोपरं घासली, बुटांना रंगाचा चिखल फासला. आधीचे ओरखडे मात्र सवयीप्रमाणे झकास बुजवून टाकले.

रविवारी सैनिक मंडळाच्या काचेच्या कपाटात उभा राहिला. परीक्षकांनी विचारलं, "किती वर्षं जुना?"

"गुरुवारचा," भावजी म्हणाले.

माझा कुकर अजून त्यांच्याच टेबलावर आहे. नमुना म्हणून लागतो म्हणे. शेवटी मी नवा आणला.