लुइस्टनच्या धक्क्यावरचं शिंग

ओबेड स्ट्रिकलंड पिंपं बांधायचा. त्याच्या पिंपातून सफरचंदाची दारू कधी थेंबभरही गळली नाही. पण त्याचा खरा जीव होता कायद्याच्या पुस्तकात. राज्याच्या राजधानीतून, आल्बनीहून मागवलेली छापील प्रत तो कोटाच्या आतल्या खिशात बाळगायचा. गावची पलटण कवायतीला जमली की कुणीतरी ओरडायचंच, "ओबेड, बघ रे पुस्तकात, आज किती वाजता सोडणार आम्हाला!" लोक हसायचे आणि हा खरंच पुस्तक काढायचा. माणूस वाईट नव्हता. आपल्या वाचनाचा गावाला उपयोग होतो, याचा त्याला भारी अभिमान होता, एवढंच.

धाकटा भाऊ लायमन नदीवरची नाव चालवायचा. नायगारा नदीच्या अलीकडे आम्ही अमेरिकन, पलीकडे इंग्रजांचा कॅनडा. लायमनची बायको हुल्डा पलीकडचीच. दोन्ही धक्क्यांवर खांबाला एकेक शिंग टांगलेलं असे. ज्याला नाव हवी त्याने ते फुंकायचं आणि समोरच्या काठावरच्याने ताटावरून उठून न्यायला जायचं, असा रिवाज होता. पाऊस असो की बर्फ, शिंग ऐकून कुणी बसून राहिलं असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. पलीकडून परतताना लायमनचं फुंकणं ठरलेलं होतं: दोन आखूड, एक लांब. ते ऐकलं की हुल्डा मक्याची लापशी चुलीवर चढवायची.

१८१२ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष मॅडिसननी तिकडे वॉशिंग्टनात सही केली आणि युद्ध सुरू झालं. इंग्रज आमचे खलाशी पळवत होते समुद्रावर, आणि मारामारी आली आमच्या अंगणात. सासरा एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला. वॉशिंग्टनात बसलेल्यांना हे कोण सांगणार?

ऑक्टोबरात हुकूम आला. पहाटे नदी ओलांडून समोरची टेकडी घ्यायची. पगारी शिपाई आधी जातील, गावच्या पलटणी मागून. पाण्याची ओढ लायमनइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून पहिल्या नावेवर त्याला घेतलं.

"सोडून लगेच परत ये," ओबेडने बजावलं. "बंदुकीला हात लावू नकोस."

"दादा, तू पुस्तक सांभाळ, मी नाव सांभाळतो," लायमन हसून म्हणाला.

हुल्डा दारात उभी होती. भाऊ पुढे गेल्यावर तिने ओबेडची बाही धरली. "त्याला घेऊन या. तुमचा मॅडिसन जिंको नाहीतर मरो, मला त्याचं काही नाही."

"आणतो," ओबेड म्हणाला.

टेकडी सकाळीच हाती आली. पण परतणाऱ्या नावांतून जखमी उतरायला लागले. एकाचा जबडा गेला होता, एक पोट धरून आईला हाका मारत होता. नावांच्या तळाशी लालभडक पाणी साचलं होतं. पलीकडच्या झाडीत इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या मोहॉक आदिवासी योद्ध्यांच्या आरोळ्या उठल्या आणि काठावर उभी आमची दोनशे माणसं पांढरीफटक पडली. दुपारी इंग्रजांची ताजी कुमक रस्त्यावर दिसली. घोड्यावरचा अधिकारी घसा ताणून सांगत होता, "बसा नावांत! तिकडे आपली माणसं कापली जातायत!" कुणी हललं नाही.

गिरणीवाला झीनस म्हणाला, "ओबेड, काढ पुस्तक. आपल्याला देशाबाहेर नेता येतं का?"

ओबेडला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. मेल्याने तेवढं म्हणायला हवं होतं! पण दोनशे माणसं पहिल्यांदाच न हसता त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने पान उघडलं आणि खड्या आवाजात वाचलं. पलटण बोलवायची ती कायदा राखायला, उठाव मोडायला आणि परचक्र परतवायला. "सरहद्द ओलांडायचं यात कुठेही नाही," त्याने आपल्या पदरचं जोडलं.

"मग झालं तर!" झीनस म्हणाला आणि खाली गवतात बसला. त्याच्यामागून सगळी पलटण बसली.

तेवढ्यात पलीकडून शिंग वाजलं. दोन आखूड, एक लांब.

ओबेडने पुस्तक मिटलं. भाऊ केव्हाच परतला असेल असं तो धरून चालला होता. "उठा," तो म्हणाला. "लायमन आहे तिकडे."

"वाचलंस की तूच," झीनस म्हणाला. "घटकेत कायदा बदलला होय?"

"अरे, चारजण या! दोनशेतले चार!"

माणसं गवताकडे बघत राहिली. वल्हेवाले कधीच रानात पळाले होते. ओबेडने एकट्यानेच एक अवजड नाव लोटली, पण ओढीने ती गरगर फिरवून खालच्या दगडांवर आणून आदळली, अलीकडच्याच काठाला. तो पाण्यात गुडघाभर उभा राहिला. चार वाजेपर्यंत शिंग वाजत होतं; तोफांच्या गडगडाटात ते वर घरापर्यंत पोचलं नाही.

"नाव मिळाली नाही," हुल्डाला त्याने एवढंच सांगितलं. लायमन पलीकडच्या धक्क्यावरच मारला गेला, त्याला तिकडेच पुरलं. हुल्डा ओबेडच्या घरी राहिली, त्याच्या ताटात वाढत राहिली आणि तो मान खाली घालून जेवत राहिला.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात इंग्रज अलीकडे आले आणि त्यांनी लुइस्टन जाळलं. त्यांनी कुठलं पुस्तक बघितलं नाही. ओबेडचं पुस्तक घराबरोबर जळालं. ते काढायला तो आत गेला नाही.

१८१५ त तह लागू झाला. खांबांवर नवी शिंगं टांगली आणि भावाची जागा ओबेडने घेतली. वसंतात पहिलं शिंग फुंकलं ते हुल्डाच्या बापाने, पीटर हेनिंगने. ओबेडने त्याला आणून ताटावर बसवलं. म्हाताऱ्याने खारवलेलं डुकराचं मांस चिवडलं, डोळे पुसले.

"पोरी, तो माझ्या दाराशी आला होता गं. नाव फुटली होती, दंडाला गोळी. म्हटलं, तळघरात लप, तू माझा जावई, तुला कुणी शोधणार नाही. तर म्हणतो कसा, नको बाबा, समोर माझा दादा उभा आहे दोनशे माणसं घेऊन. शिंग ऐकून तो बसून राहायचा नाही. आणि गेला धक्क्यावर."

हुल्डाने ओबेडकडे बघितलं. "तुम्हाला नाव मिळाली नाही ना?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण ओबेडला आता ते खोटं पेलवेना. त्याने सगळं सांगितलं; झीनसचा प्रश्न, आपला खडा आवाज, गवतात बसलेली माणसं.

तिने एवढंच विचारलं, "किती वेळ वाजत होतं?"

"चार वाजेपर्यंत."

तिने शाल घेतली, बापाला उठवलं. दोघांना ओबेडनेच पलीकडे सोडलं.

त्यानंतर अठरा वर्षं ओबेड नाव चालवत होता. शिंग वाजलं की तोंडातला घास तसाच ठेवून उठायचा. समोरच्या चढावर हुल्डा कपडे वाळत घालताना त्याला दिसायची. तिला अलीकडे काही काम निघालं तर ती सात मैल चालून नदीच्या वरच्या अंगाच्या दुसऱ्या नावेने यायची. पलीकडच्या धक्क्यावरचं शिंग तिने एकदाही फुंकलं नाही.