पाच टिचक्या

"थांबा जी, आता येते," असं म्हणून दुरुस्तीवाले काका उजव्या हाताचं बोट वर करत आणि डाव्या हातानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढत. बर्डीच्या बाजारातल्या गल्लीतले हॉर्न जरा मागे सरत. मग आत उरे तो एका गिटारचा आवाज आणि स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक.

तुमच्यापैकी कोणी त्यांच्याकडे अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर दुरुस्तीला दिला असेल, तर त्या स्टुलावर तुम्हीही बसला असाल. काम झालं तरी ते सेट लगेच हातात देत नसत. "सेट तापला की मंग खरं बोलते," असं त्यांचं म्हणणं. तो तापेपर्यंत एक सीडी लावत. दर वेळी तीच. कोणाच्या तरी प्लेअरमध्ये राहून गेलेली, कव्हर नाही, नाव नाही. सहा तुकडे, एकावन्न मिनिटं, आणि गाणारा एकही नाही. माझ्या मुलीनं नंतर सांगितलं की या प्रकाराला पोस्ट-रॉक म्हणतात.

"काका, गाणं कवा सुरू होते?" एकानं माझ्यासमोरच विचारलं होतं.

"गाणारा सुट्टीवर गेला जी. बसा तुम्ही."

परीक्षा चौथ्या तुकड्यात असे. मी घड्याळ लावून पाहिलं आहे: पहिले तीन तुकडे मिळून चोवीस मिनिटांचे, आणि चौथ्यात सात मिनिटं चाळीस सेकंदांनी सगळी वाद्यं थांबतात. गिटारची एकच तार हळूहळू वाजत राहते आणि तिच्यामागे कोणीतरी झांजेच्या काठावर टिचक्या मारतो. फार बारीक, स्टीलच्या ताटाला चमचा लागावा तशा. तीन डावीकडून, दोन उजवीकडून.

"किती झाल्या?" ते विचारत.

पाच म्हटलं की सेट बांधून देत. दोन किंवा तीन म्हटलं तर पुन्हा पेचकस हातात घेत. आम्हाला वाटे, म्हातारा आमच्या कानांची परीक्षा घेतो आहे.

त्या दिवशी मी घाईत होतो. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकानं "पाच" म्हटलेलं ऐकलं होतं. माझ्या सेटवर टिचक्या वाजल्या तेव्हा मी फोनमध्ये मान घालून बसलो होतो.

"किती झाल्या जी?"

"पाच," मी म्हणालो.

घरी आणून लावला तर अर्ध्या तासानं डाव्या स्पीकरच्या पेटीतला बारीक आवाज गायब. रागारागात दुसऱ्या दिवशी सेट घेऊन दुकानात गेलो. त्यांनी पेटी उघडली, सैल झालेला सोल्डरचा टाका शोधला आणि बराच वेळ तो पाहत राहिले.

"तुम्ही पाच म्हटलं होतं न?"

"हो."

"मंग माझंच कायतरी चुकलं असन."

ते असं म्हणाले आणि मला बसवेना. दुकानातही अर्ध्या तासानं डावीकडचा बारीक आवाज गेलाच असणार, म्हणजे टिचक्या दोनच यायला हव्या होत्या. ते माझ्यापासून चार फुटांवर उभे होते. त्यांना कळायलाच हवं होतं.

"काका, मी ऐकलंच नव्हतं," मी म्हणालो. "पण तुम्हालाही नाही कळलं?"

त्यांनी शटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मले येतच नाही आयकू. पयले पाच यायच्या. मंग चार, मंग दोन. मले वाटलं, सीडी झिजून राहिली." ते जरा हसले. "डॉक्टर म्हणते, सीडी चांगली आहे. कोणाले सांगू नका जी. बहिऱ्याकडं सेट कोण देईन?"

त्यानंतर मी दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर जायला लागलो. आठवड्याभरात झालेले सेट ते माझ्यासाठी ठेवत. तीच एकावन्न मिनिटं कधी दोनदा, कधी तीनदा. पण खोटा आकडा दिल्यावर नीट ऐकण्यावाचून माझी सुटका नव्हती. ऐकता ऐकता कळलं की दुसऱ्या तुकड्यात ड्रम सुरू होण्याआधी कोणीतरी श्वास घेतो. शेवटच्या तुकड्यात सगळी वाद्यं एकत्र चढत जातात, तेव्हाही ती पहिली एकटी तार खाली वाजतच असते. मी हे सांगितलं की ते काम थांबवत.

"श्वास आहे? कोणत्या बाजूनं?"

"डावीकडून."

"पाहा न, मले कधी दिसलाच नाही तो."

चार वर्षं असं चाललं. मी कोणाला बोललो नाही. एकही सेट परत आला नाही.

मग काकांना त्यांच्या लेकीनं अमरावतीला बोलावून घेतलं. शेवटच्या शनिवारी दुकानात दुरुस्तीचा एकही सेट नव्हता, त्यांचा स्वतःचा तेवढा होता. या वेळी स्टुलावर ते बसले. "थांबा जी, आता येते," मीच म्हणालो आणि शटर ओढलं. टिचकी वाजली तसं मी एक बोट उघडलं. मग दुसरं, तिसरं. त्यांची नजर माझ्या हातावरून हलत नव्हती. पाचवं बोट उघडलं तेव्हा त्यांनी मान डोलवली, गाण्यातली एखादी जागा बरोबर आल्यावर ऐकणारा डोलवतो तशी. सीडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

गेल्या वर्षी ते गेल्याचं कळलं. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

सीडी मी अजून शनिवारीच लावतो. परवा चौथा तुकडा चालू असताना बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"काहो, कोणाले बोटं दाखवून राहिले?"

मी पाहिलं तर हात वर होता. तीन बोटं उघडली होती. आणखी दोन व्हायची होती, म्हणून मी तिला हातानंच थांबायला सांगितलं.