आठ बोकडांची वंशावळ

डिस्क टेबलावर ठेवून वीज दिली. आतून टक्, टक् आवाज आला. मी लगेच वीज बंद केली.

"चालू झाली न्हवं? मग बंद का केली?" शोभाताईंनी विचारलं.

"अशीच फिरू दिली तर कायमची जाईल."

शोभाताई तामलवाडीजवळ उस्मानाबादी शेळ्या पाळतात. शनिवारी सकाळी त्या धाराशिवला माझ्या दुकानात आल्या. सोबत त्यांचे दीर होते. सोमवारी पशुवैद्यकीय डॉक्टर पैदाशीचे बोकड निवडायला येणार होते. शोभाताईंचे आठ बोकड तयार होते. प्रत्येकाचे आईबाप आणि जन्मतारीख एका एक्सेल फाइलमध्ये होती, आणि ती फाइल याच डिस्कवर. नोंद दाखवता आली नाही, तर बोकड पैदाशीला घेत नाहीत. मग तो खाटकाकडे जातो.

"कॉम्प्युटर ठेवता कुठं?"

"गोठ्यात. कडबाकुट्टीशेजारी, एकाच फळीवर," दीर म्हणाले.

"आणि दोन्ही एकदमच चालू?"

"व्हय. मी कडबा कापतो तवर वहिनी नोंदी करतात."

हार्ड डिस्कमध्ये चकत्या वेगाने फिरतात. त्यांना न टेकता, अगदी जवळून, एक हेड माहिती वाचतं. कडबाकुट्टीचं यंत्र सगळी फळी हादरवतं. हादऱ्याने हेड चकतीला घासतं. घासलेली जागा वाचता येत नाही. तिला बॅड सेक्टर म्हणतात.

अशा डिस्कवरच्या फाइल्स थेट उघडायच्या नसतात. आधी तिची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी कॉपी काढायची. सॉफ्टवेअर चांगला भाग आधी उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. दुपारी चारपर्यंत बराचसा भाग आला. मग आवाज वाढला आणि डिस्क थांबली. ती पुन्हा सुरू झाली नाही.

कॉपीत फाइलींची यादीच खराब निघाली. यादी नसली की प्रत्येक फाइल तिच्या खुणांवरून शोधावी लागते. ती सापडते, पण नावाशिवाय. फोटो हजारोंनी आले. एक्सेल फाइल एकच मिळाली आणि ती उघडेना. तिचा मधला भाग बॅड सेक्टरमध्ये गेला होता. मी तसं स्पष्ट सांगितलं.

"मग संपलंच की," दीर म्हणाले.

शोभाताई स्क्रीनकडे बघत होत्या. "थांबा दादा. ही चंद्री. हा तिला बिजल्या लावला त्या दिवसाचा फोटू."

"बोकड लावल्याचा फोटो काढता?"

"काढावाच लागतो. न्हायतर भावजी म्हणणार हा बोकड होता, मी म्हणणार तो. लई भांडणं व्हायची. व्याली की फोटू, करडाला बिल्ला मारला की आईजवळ उभं करून फोटू. मग कॉम्प्युटरमधी टाकायचं आन् फोनमधलं पुसायचं."

"पुसता कशाला?"

"भावजींचे गुड मॉर्निंग मावायला नकोत?"

फोटो कधी काढला ती तारीख फाइलच्या आतच लिहिलेली असते. नाव गेलं तरी ती राहते. मी सगळे फोटो तारखेप्रमाणे लावले. शेळीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा. करडाच्या जन्मापासून तेवढं मागे गेलं की बाप सापडत होता. रविवारी आम्ही दिवसभर हेच केलं. शेळ्या बहुतेक सगळ्या काळ्या. मला एकीसारखी दुसरी दिसे. शोभाताई कानावरून आणि चेहऱ्यावरून नाव सांगत, मग मी फोटो मोठा करून बिल्ल्याचा नंबर बघे. त्या एकदाही चुकल्या नाहीत.

सोमवारी मी लॅपटॉप घेऊन गोठ्यावर गेलो. डॉक्टरांनी रजिस्टर मागितलं. मी फोटो दाखवले.

"सगळी जनावरं काळीच आहेत. यातून काय कळणार?"

"नंबर सांगा, साहेब," शोभाताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी एका बोकडाचा कान धरून बिल्ला वाचला. मी तीन फोटो उघडले : बिल्ला, जन्म, बोकड लावल्याचा दिवस. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि दुसरा नंबर सांगितला. मग तिसरा. चौथ्यानंतर ते स्वतःच लॅपटॉपसमोर बसले.

"एवढा पुरावा आम्हाला रजिस्टरात मिळत नाही," ते म्हणाले.

सात बोकड पैदाशीसाठी निवडले गेले. आठव्याच्या बापाचा फोटो नव्हता. त्या दिवशी फोन दिरांकडे होता.

"माझा शब्द चालंल का, साहेब?" दिरांनी विचारलं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, नाही. तो बोकड खाटकाकडे मात्र गेला नाही. शोभाताईंनी तो घरीच ठेवला.

डिस्क घेऊन कुणी आलं की मी आता आधी विचारतो, हीच माहिती आणखी कशात आहे? बहुतेकजण नाही म्हणतात. मी पुन्हा विचारतो.