फाटकाशेजारचा चौकोन

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, सगळं घर नवं रंगवलंस, मग फाटकाजवळ तेवढा जुना चौकोन का ठेवलास?" तेव्हा दारात रंगारी उभा होता, उत्तर राहून गेलं. आता लिहितेच, नाहीतर म्हातारीला रंग पुरला नाही असं तुम्हाला वाटेल.

गोष्ट अमरावतीच्या याच घरातली. पावसाळा सरला होता, पण उकाड्यामुळे कूलर चालूच होते. अकोल्याची माझी बहीण फोनवर म्हणाली, "आमच्या नळाला चार-चार दिवस पाणी नाही, घरोघरी ड्रम भरलेले. पण डासांच्या अळ्या तपासणारी बाई पंधरा दिवसांनी नेमाने येते. तुमच्याकडे येतं का कुणी?"

आमच्याकडे आलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं. अकोल्यापुढे अमरावती कमी पडावी हे काही मला सहन होईना. मी आयुक्तांना इंग्रजीत अर्ज लिहिला. परिच्छेदांना क्रमांक घातले, शेवटची मागणी अधोरेखित केली.

महानगरपालिकेत अर्ज कसा पायऱ्या उतरतो, ते मला तेव्हा कळलं. आयुक्तांकडून तो आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेला, तिथून मलेरिया विभागाकडे, मग झोनला, मग आमच्या प्रभागाच्या निरीक्षकांकडे. प्रत्येकाने कोपऱ्यात एक शेरा मारला. पायऱ्या संपल्यावर अर्ज आमच्या भागात अळ्या तपासणाऱ्या कंत्राटी बाईच्या हातात पडला आणि ती तो घेऊन थेट माझ्या फाटकाशी आली. खांद्याला औषधाची पिशवी, हातात टॉर्च.

"काकू, हे तुमीच लिवलं म्हनतेत. मले इंग्रजी येत नाई. उद्या खुलासा द्यायचा हाय. जरा वाचून देता काय?"

मी माझाच अर्ज तिला मराठीतून वाचून दाखवला. 'कर्तव्यात अक्षम्य कसूर' आलं तेव्हा माझा आवाज आपोआप बारीक झाला.

"बापा! एवढं?" ती म्हणाली. "काकू, मी तं दर पंधरा दिवसाले येतो. दुपारी बेल वाजवतो. तुमचा कूलर असा गरजते का ढोल बडवला तरी तुमाले आयकू येनार नाई. मंग बाहेरूनच त्याच्या टाकीत औषधाचे थेंब टाकतो, भिंतीवर खडूनं तारीख लिवतो अन् जातो."

"कुठल्या भिंतीवर?"

तिने फाटकाशेजारी बोट दाखवलं. भिंत लखलखीत होती.

"हेच तं! सायेब उद्या निशान्या पाहाले येनार हाय. निशानी नाई तं काम नाई, अन् काम नाई तं पुढच्या महिन्यापासून कंत्राट नाई. माह्या निशान्या कोन पुसून राहिलं, काय मालूम."

मला मालूम होतं. भिंतीवर खडूच्या रेघोट्या दिसल्या की मी ओलं फडकं घेऊन निघत असे. त्यापायी शेजारच्या पोरांना दोनदा रागावूनही झालं होतं.

"मीच पुसते," मी म्हणाले.

ती पदर तोंडाला लावून हसली. "कावून वो काकू? माही हजेरी व्हय ते!"

"आता काय करू, सांग."

"दुसरा अर्ज लिवा. पन मराठीत लिवजा. या टायमाले मलेबी वाचता आला पायजे."

लिहिला. तिला आधी वाचायला दिला. तिने एक वाक्य लांब आहे म्हणून तोडायला लावलं. सकाळी झोनचं कार्यालय उघडताच तो देऊन पोच घेतली. निरीक्षक आले तेव्हा फाटकाशी उभी राहून सांगितलं, की खुणा पुसणारी मी.

"काकू, खाली आलेला कागद पुन्हा वर चढवायचा म्हणजे किती टेबलं लागतात, ठाऊक आहे ना?" त्यांनी कपाळ चोळलं. तरी शेरा मारला: काम नियमित आहे.

तिचं कंत्राट टिकलं. ती अजून पंधरा दिवसांनी येते, आणि तिच्या वेळेला मी कूलर बंद ठेवते. नव्या रंगावर खडू उमटत नाही; कालच्या तारखेची तिची खडूची खूण त्या चौकोनात आहे.